ॲपर्चर बारीक केलं की शटर का मंदावतं?

कवडसा

मंडळी, शंका साधी आहे, पण तिच्यापायी भाचीच्या नृत्याच्या कार्यक्रमातला शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा फोटो गेला. म्हणून सविस्तर लिहितो.

कॅमेरा एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचा, लेन्स ५० मिमी एफ/१.८, खाली ट्रायपॉड. मोड ॲपर्चर प्रायॉरिटी, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ४०० वर कायम ठेवलेला. भाची एकटी नाचत होती तेव्हा एफ/२.८ वर फोटो काढले, छान आले. शेवटी सगळ्या मुली दोन रांगांत आल्या आणि हात वर करून त्यांनी एकदम गिरकी घेतली. मागची रांगही स्पष्ट यायला हवी, असा विचार करून मी चाक फिरवलं आणि एफ/८ केलं. मी साधारण आठ मीटरवर होतो. दिवे तेच, जागा तीच.

घरी मोठ्या स्क्रीनवर उघडून पाहिलं. मागच्या पडद्याच्या चुण्या लख्ख, स्टेजच्या फळ्यांमधल्या फटीसुद्धा मोजून घ्याव्यात अशा. आणि मुलींचे चेहरे पुसल्यासारखे, हातांच्या जागी नुसते पट्टे. फोटोची माहिती पाहिली तर शटर १/१५ सेकंद. आधीच्या फोटोंत ते १/१२५ होतं.

शटरला मी हातही लावला नव्हता. ॲपर्चर म्हणजे मागचं-पुढचं किती स्पष्ट येणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्याने शटर खाली का यावं, आणि आलं तर इतकं?

पाऊलवाट

इतकंच यायला हवं होतं. २.८ वरून ४, ४ वरून ५.६, ५.६ वरून ८. तीन स्टॉप झाले. प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे तीन स्टॉपनंतर आठवा हिस्सा उरला. फोटो तेवढाच उजळ हवा तर वेळ आठपट द्यावा लागणार: १/१२५, १/६०, १/३०, १/१५. ॲपर्चर प्रायॉरिटीत तुम्ही ॲपर्चर सांगता आणि शटर कॅमेरा ठरवतो. त्याने हिशोब चोख केला. समोर मुली नाचताहेत हे त्याला कळत नाही, तो फक्त उजेड मोजतो.

झरोका

म्हणूनच मी सगळ्यांना सांगत असतो, सरळ मॅन्युअल मोड वापरा. तिथे ॲपर्चरचा शटरशी काही संबंधच राहत नाही. शटर लावलं तिथेच राहतं.

जुना निगेटिव्ह

झरोका, शटर लावलं तिथे राहतं हे खरं, पण संबंध राहत नाही हे पटत नाही. मॅन्युअलमध्ये कवडसा यांनी एफ/८ आणि १/१२५ ठेवलं असतं तर फोटो तीन स्टॉप काळा आला असता. संबंध उजेडाशी आहे आणि तो कुठल्याच मोडमध्ये सुटत नाही. मोड बदलला की फक्त हिशोब कोण करतं ते बदलतं.

कवडसा, ॲपर्चर शटरला ओढत नाही. लेन्समधल्या पात्यांना शटरची काही खबर नसते. ॲपर्चर म्हणजे त्या पात्यांमधलं भोक. ते बारीक झालं की सेन्सरवर दर क्षणाला कमी उजेड पडतो, एवढंच घडतं. ती तूट कुणीतरी भरायची असते: शटर जास्त वेळ उघडं राहून भरेल, आयएसओ वाढून भरेल, नाहीतर कुणीच भरणार नाही आणि फोटो अंधारा येईल. तुम्ही आयएसओ बांधून ठेवला होता, ॲपर्चर स्वतः ठरवलं होतं. मोकळं एकटं शटर होतं. सगळा भार त्याच्यावर आला.

आता आकड्यांचं. २.८ वरून ४ म्हणजे फारसा फरक वाटत नाही, मग उजेड थेट निम्मा कसा, हा प्रश्न नव्या माणसाला हमखास पडतो. एफ-आकडा म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ भागिले भोकाचा व्यास. ५० मिमी लेन्स एफ/२ वर असेल तर भोक २५ मिमीचं. एफ/४ वर साडेबारा. एफ/८ वर सव्वासहा. उजेड मात्र व्यासावर नाही, क्षेत्रफळावर ठरतो. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ चौथाई होतं, म्हणून २ ते ४ हे दोन स्टॉप. एकच स्टॉप उतरायचा तर व्यासाला १.४१४ ने, म्हणजे दोनच्या वर्गमुळाने भागायचं. १, १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ ही चमत्कारिक वाटणारी मालिका त्यातून आली.

माझ्याकडे रिंगवाली एक जुनी ५० मिमी लेन्स आहे. ती खिडकीकडे धरून समोरून आत पाहत रिंग फिरवायला मला अजूनही आवडतं. टक् करून एक घर सरकलं की पाती आत येतात आणि मधला उजेडाचा गोल आवळतो. काचेसमोर पट्टी धरली तर एफ/२ ला जवळजवळ अडीच सेंटिमीटर दिसतो आणि एफ/१६ ला तीन मिलिमीटरच्या आसपास. (समोरून दिसते ती पुढच्या काचांमधून दिसणारी भोकाची प्रतिमा असते, आणि एफ-आकड्याच्या हिशोबात तीच धरतात.) तो तीन मिलिमीटरचा ठिपका एकदा डोळ्यांनी पाहा. शटरला इतका वेळ का लागतो हे मग कुणी सांगावं लागत नाही.

चकवा

मस्त धागा. पण माझ्याकडे उलटंच होतंय. मीही ॲपर्चर प्रायॉरिटीच वापरतो. घरात एफ/२ वरून एफ/५.६ केलं तरी शटर १/१२५ चं हलत नाही आणि फोटोही काळा येत नाही. कॅमेरा बिघडलाय का?

पाऊलवाट

चकवा, कॅमेरा ठणठणीत आहे. तुमचा ऑटो आयएसओ चालू असणार आणि त्यात किमान शटर १/१२५ लावलेलं असणार. एफ/२ आणि एफ/५.६ च्या दोन फोटोंची माहिती शेजारीशेजारी उघडा. एकात आयएसओ ४०० असेल तर दुसऱ्यात ३२०० च्या आसपास सापडेल. तीन स्टॉपची तूट आयएसओने भरली. निगेटिव्हकाका म्हणाले तेच, भरणारा बदलला.

चकवा

तंतोतंत. ४०० आणि ३२००. धन्यवाद, इतके दिवस मला फोटोंत एवढे दाणे का येतात हेच कळत नव्हतं.

सूक्ष्मदर्शी

कवडसा, मुळात एफ/८ ची गरज होती का, हे कुणी विचारलं नाही. ५० मिमी, एपीएस-सी सेन्सर, अंतर आठ मीटर. डेप्थ ऑफ फील्डचा, म्हणजे किती खोलीपर्यंत स्पष्ट येतं याचा, नेहमीचा हिशोब मांडला तर:

एफ/२.८ वर साधारण ६.८ मीटरपासून ९.७ मीटरपर्यंत स्पष्ट. म्हणजे जवळपास तीन मीटर.
एफ/४ वर ६.४ पासून १०.७ पर्यंत. चार मीटरच्या वर.
एफ/८ वर ५.३ पासून १६ मीटरच्याही पुढे.

दोन रांगांमधलं अंतर किती होतं? दीड मीटर धरलं तरी एफ/२.८ वर, पुढच्या रांगेच्या जरा मागे फोकस ठेवून, दोन्ही रांगा आरामात आल्या असत्या. एफ/८ ने तुम्हाला मागचा पडदा मिळाला, जो कुणाला नको होता, आणि त्यासाठी मोजला आठपट वेळ. ॲपर्चर बारीक करण्याआधी मी एकच विचार करतो: मला नक्की किती खोली हवी आहे? जवळून एका चेहऱ्याचा फोटो काढताना एफ/२.८ ला कान सुटतात आणि ती भीती मनात बसते. माणसं लांब असली की तोच आकडा पुष्कळ होतो.

कवडसा

सूक्ष्मदर्शी, दीड मीटरसुद्धा नव्हतं. हे वाचून जरा वेळ गप्पच बसलो. आपण काळजीपोटी केलेल्या गोष्टीनेच फोटो घालवला, हे पचायला वेळ लागतोय.

काका, तुमचं वाचून प्रयोग केला. खिडकीजवळ टेबलावर पांढरा कागद, कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ ४००, ॲपर्चर प्रायॉरिटी. एकेक स्टॉप फिरवत गेलो आणि कॅमेरा काय सांगतो ते वहीत लिहिलं:

एफ/२ – १/२५०
एफ/२.८ – १/१२५
एफ/४ – १/६०
एफ/५.६ – १/३०
एफ/८ – १/१५
एफ/११ – १/८
एफ/१६ – १/४

एफ/१६ ला शटरचा आवाज ऐकून थांबलो. आधी ‘खट’ असा एकच आवाज यायचा, आता ‘ख…ट’ असे दोन वेगळे ऐकू येत होते. त्या दोन आवाजांमधल्या वेळात मुलगी अर्धी गिरकी घेऊन मोकळी होते, हे तेव्हा उमगलं.

दोन गोष्टी मात्र जुळल्या नाहीत. एक, कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स १८-५५ लावून एफ/४ केलं तर शटर १/५० आलं, प्राइमवर (झूम नसलेल्या ५० मिमीवर) तेच एफ/४ असताना १/६० होतं. दोन, त्याच किट लेन्सवर १८ ला एफ/३.५ आणि १/६० होतं, झूम ५५ ला नेला तर आकडे आपोआप एफ/५.६ आणि १/२५ झाले. मी ॲपर्चरला हात लावला नव्हता.

जुना निगेटिव्ह

वहीत लिहिलंत हे फार आवडलं.

पहिली गोष्ट. एफ-आकडा भूमितीचा आहे, भोक किती मोठं तेवढंच सांगतो. आत काचा किती आणि त्या किती उजेड खातात, हे त्यात येत नाही. झूममध्ये काचा जास्त असतात, प्रत्येक पृष्ठभागावर थोडा उजेड परावर्तित होऊन जातो. १/६० आणि १/५० मधला फरक एक तृतीयांश स्टॉपचा, तो तिथून आला असावा. दोन लेन्सना दिसणारी चौकट थोडी वेगळी असली तरी कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर एवढा हलू शकतो. सिनेमावाल्यांना लेन्स बदलल्यावर उजेड तसूभर बदललेला चालत नाही, म्हणून त्यांच्या लेन्सवर एफऐवजी टी-आकडे असतात. ते प्रत्यक्ष आरपार गेलेल्या उजेडावरून ठरवतात.

दुसरी गोष्ट लेन्सच्या नावातच आहे, ३.५-५.६. झूम पुढे नेला की तिचं मोठ्यात मोठं भोकसुद्धा एफ/५.६ पर्यंतच जातं. एक आणि एक तृतीयांश स्टॉप गेला, शटर १/६० वरून १/२५ वर आलं. मार दोन बाजूंनी बसतो. फोकल लेंग्थ वाढली की हाताचा कंपही फोटोत मोठा दिसतो. एपीएस-सीवर ५५ मिमीला हातात धरून किमान १/८० तरी असावं असा जुना आडाखा आहे, आणि नेमकं तेव्हाच कॅमेरा १/२५ देतो. किट लेन्सवर झूम करून घरात काढलेले फोटो हलतात त्याचं मोठं कारण हेच.

रातराणी

काका, पण हलणं दोन प्रकारचं असतं ना? कॅमेरा हलणं आणि माणूस हलणं. कवडसांचा पडदा स्पष्ट आणि मुली पुसलेल्या, म्हणजे कॅमेरा स्थिर होता. ट्रायपॉड किंवा लेन्समधलं स्टॅबिलायझेशन फक्त पहिल्याला उपाय आहे. नाचणाऱ्या मुलीला ते थांबवू शकत नाही, तिथे शटरच हवं.

माझा सगळा वेळ ताऱ्यांखाली जातो, तिथे हा हिशोब उलटीकडून सुरू होतो. पृथ्वी फिरते, त्यामुळे शटर फार वेळ उघडं ठेवलं तर तारे ठिपके न राहता रेघा होतात. म्हणजे वेळेची कमाल मर्यादा आकाशाने आधीच ठरवलेली असते. एफ/२.८ ला २० सेकंद लागत असतील तर एफ/४ ला ४० लागतील, आणि वाइड लेन्सवरही तेवढ्यात रेघ दिसायला लागते. एफ/१.८ असेल तर ८ सेकंदांत काम होतं. मोठ्या भोकाच्या लेन्सला ‘फास्ट लेन्स’ म्हणतात त्यातली घाई शटरची आहे, हे मला पहिल्यांदा काळोखात उभं राहून कळलं.

जुना निगेटिव्ह

रातराणी, अगदी बरोबर, कवडसांच्या फोटोत स्टॅबिलायझेशनचा काही उपयोग नव्हता.

आणि ‘फास्ट’चा विषय निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट सांगतो. दागेरोटाइपच्या, म्हणजे धातूच्या प्लेटवरच्या पहिल्यावहिल्या फोटोंच्या, सुरुवातीच्या काळात शेव्हालिए या फ्रेंच कारागिराच्या लेन्सचं ॲपर्चर एफ/१५ च्या आसपास होतं. माणसाला मिनिटांच्या हिशोबात निश्चल बसावं लागायचं. १८४० मध्ये योझेफ पेट्झवाल या गणितज्ञाने पोर्ट्रेटसाठी नवी लेन्स आखली, फोइग्टलेंडरने ती बनवली, आणि तिचं ॲपर्चर होतं साधारण एफ/३.६. पंधराला ३.६ ने भागा आणि वर्ग करा: सतरापटीच्या वर उजेड. पुढे प्लेटवरची रसायनंही सुधारली, पण माणसाचा चेहरा न अवघडता टिपता येऊ लागला त्यात या भोकाचा वाटा मोठा. कवडसांनी २.८ वरून ८ वर जाऊन जे केलं, त्याच्या बरोबर उलट दिशेचं काम.

झरोका

काका, माझं वरचं विधान मागे घेतो. संबंध राहतो, फक्त मीटरची सुई मध्यावर आणायचं काम आपल्यावर येतं. मी ते इतकी वर्षं बोटांनी करत आलो, म्हणून संबंध नाही असं वाटायला लागलं होतं. तीन टिचक्या ॲपर्चरच्या, तीन टिचक्या शटरच्या. बहुतेक कॅमेऱ्यांत चाकाची एक टिचकी म्हणजे एक तृतीयांश स्टॉप. एफ/४, ४.५, ५, ५.६ असं तिकडे, आणि १/१२५, १/१००, १/८०, १/६० असं इकडे.

जुना निगेटिव्ह

झरोका, तुमच्या या टिचक्या १९५० च्या दशकात चक्क यंत्राने जोडल्या होत्या. हॅसलब्लाडच्या जुन्या लेन्सवर ॲपर्चरची आणि शटरची रिंग एकमेकींत अडकवलेली असायची. एकदा उजेडाचा ईव्ही (एक्सपोजर व्हॅल्यू) आकडा लावला की एक रिंग फिरवताना दुसरी आपोआप सोबत फिरायची. ईव्ही १२ वर लावली तर एफ/८ ला १/६०, ५.६ ला १/१२५, ४ ला १/२५०, २.८ ला १/५००. बोटाखाली दोन्ही रिंग सोबत सरकताना जाणवतात. मी तीच पकडून शिकलो, त्यामुळे हे नातं मला आकड्यांआधी हाताला माहीत झालं.

चकवा

एक विचारू? फोनवर एफ/१.८ लिहिलेलं असतं. सेन्सर एवढासा, मग तो एफ/१.८ खरा धरायचा का? मला कुणीतरी सांगितलं की फोनचा १.८ म्हणजे मोठ्या कॅमेऱ्याचा एफ/८ किंवा त्याहून बारीक, म्हणून शटरही तेवढंच मंद लागतं.

सूक्ष्मदर्शी

चकवा, अर्धं बरोबर आहे. मागचं किती धूसर होणार या बाबतीत फोनचा १.८ खरंच मोठ्या सेन्सरवरच्या खूप बारीक ॲपर्चरसारखा वागतो. शटरच्या हिशोबात मात्र एफ/१.८ म्हणजे एफ/१.८च. फोनच्या लेन्सची खरी फोकल लेंग्थ सहा मिमीच्या आसपास धरली तर भोक सव्वातीन मिमीचं निघतं, पण प्रतिमाही तेवढ्याच छोट्या जागेवर पडते. सेन्सरच्या दर चौरस मिलिमीटरला उजेड सारखाच. त्याच आयएसओला शटर सारखंच येईल. आणि बहुतेक फोनमध्ये भोक बदलताच येत नाही, त्यामुळे तिथे शटर आणि आयएसओ दोघंच सगळं निभावतात.

माझ्या मॅक्रोमध्ये (अगदी जवळून काढलेल्या फोटोंत) मात्र आकडा खरंच फसवतो. किड्याला सेन्सरवर त्याच्या मूळ आकाराएवढा आणायचा तर लेन्सला फोकससाठी इतकं पुढे जावं लागतं की एफ/२.८ प्रत्यक्षात एफ/५.६ सारखा वागायला लागतो. दोन स्टॉप गेले, १/१२५ चं १/३०. काही कॅमेरे हा बदललेला आकडा दाखवतात, काही २.८ च दाखवत राहतात आणि शटर तेवढं गुपचूप उतरतं. कॅमेऱ्याचा मीटर लेन्समधूनच मोजतो, म्हणून एक्सपोजर चुकत नाही. पण किडा पानावर झुलत असतो.

पाऊलवाट

उन्हातली गोष्टही सांगून ठेवतो, कारण तिथे उलटी अडचण येते. लख्ख ऊन, आयएसओ १००, एफ/१६ ला साधारण १/१२५, हा जुना ठोकताळा. आता पोर्ट्रेटसाठी एफ/१.८ उघडा. सहा स्टॉपहून जास्त वर गेलात, शटर १/१०००० च्या आसपास लागेल. अनेक कॅमेऱ्यांचं मेकॅनिकल शटर १/४००० ला संपतं. तो आकडा लुकलुकायला लागतो आणि फोटो पांढराफटक येतो. अशा वेळी एफ/२.८ पर्यंत बंद करा, नाहीतर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावा.

धबधबा रेशमासारखा हवा म्हणून एफ/२२ करणाऱ्यांनाही हेच सांगणं. शटर मंदावतं, पण एवढ्या बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळाच फोटो मऊ पडतो. एफ/८ ला १/३० येत असेल तर सहा स्टॉपच्या एनडीने दोन सेकंद मिळतात, आणि खडक कोरीव राहतात.

रातराणी

कवडसा, आता तोच प्रसंग पुन्हा आला तर काय लावाल?

कवडसा

आला होता! परवा त्यांनी तोच नाच पुन्हा बसवला, त्याच स्टेजवर, त्याच दिव्यांत. मी पुन्हा आठ मीटरवर.

या वेळी शटरपासून सुरुवात केली. गिरकी थांबवायला १/२५० हवं असं धरलं. सूक्ष्मदर्शींच्या हिशोबाने एफ/४ ला चार मीटर खोली मिळते, म्हणजे चुकायला भरपूर जागा. गेल्या वेळी एफ/२.८, १/१२५, आयएसओ ४०० ला उजेड बरोबर होता. एक स्टॉप ॲपर्चरचा गेला, एक शटरचा, दोन भरायचे, म्हणून आयएसओ १६००. सगळं मॅन्युअलला लावून ठेवलं आणि नंतर कशालाच हात लावला नाही.

सावल्यांत थोडे दाणे आहेत. पडदा किंचित मऊ आलाय. मागच्या रांगेत डावीकडून तिसऱ्या मुलीची वेणी गिरकीत खांद्यावरून उडाली आहे, आणि तिच्या टोकाला बांधलेल्या रिबिनीचे दोन्ही पदर हवेत वेगळे दिसताहेत.